चुकली आणि चुकवली

वाग्देवतेच्या चरणी मस्तक ठेवते, कुलस्वामिनीचे स्मरण करते आणि लिहावयास बसते. निमित्त परीक्षेच्या ऋतूचे आहे. ऑकलंडच्या उत्तरेस अल्बनी नावाच्या उपनगरात मी माझ्या मुलीकडे राहते. नोव्हेंबर लागला, की येथील शाळा मोठ्या वर्गांतील मुलांना अभ्यासासाठी घरी सोडतात. रस्त्यावरचे गणवेश दिसेनासे होतात. दुपारी एखाद्या खिडकीतून कोणीतरी पाठ करीत असल्याचा आवाज येतो आणि गवत कापण्याच्या यंत्राच्या घरघरीत बुडून जातो. पोहुतुकावाच्या झाडांवर राखाडी कळ्या धरलेल्या असतात. त्या लाल व्हायला नाताळ जवळ यावा लागतो. हा ऋतू मला फार आवडत असे. गेली तीन वर्षे मात्र तो आला, की माझी मान आपोआप खाली जाते.

येथे कार्तिक वसंतात येतो. पूजेला बसून संकल्प सोडताना मी ‘शरदृतौ’ म्हणते, आणि खिडकीबाहेर लिंबाला कोवळी पालवी फुटलेली असते. पहिल्या वर्षी ते फार खटकले. मिरजेच्या आमच्या गुरुजींना फोन करून विचारले, की येथे ‘वसंत’ म्हणावे काय. ते म्हणाले, की आहे तसेच म्हणावे, आपल्या पदरचे शब्द घालू नयेत. मला ते मनापासून पटले. मी वाढलेच त्या शिस्तीत. वडिलांनी मला पाठ दिले ते एकही मात्रा न हलू देता. घेतला तसाच शब्द पुढच्याच्या हाती द्यावा, मध्ये आपला हात लागू देऊ नये, असे ते सांगत. पुढे मुलींच्या शाळेत चौतीस वर्षे मी संस्कृत शिकवले आणि तेच सांगत राहिले. माझ्या हातून कधी काही गळत नाही, अशी माझी ख्याती होती. ख्याती ही वस्तू माणसाला पुढे कोणत्या कामी येईल, हे सांगता येत नाही.

माझी नात इरा तेव्हा सोळा वर्षांची होती. तिचा जन्म इकडचाच. तिचे मराठी म्हणजे एक पाय इकडच्या रबरी जँडलमध्ये आणि एक कोल्हापुरी चपलेत, असे तिचे बाबा निनाद म्हणत. पण ती बोलत असे, न लाजता, चुकतमाकत, आणि माझ्याशी तर हट्टाने. शाळेत तिने फ्रेंच घेतले होते. दुसऱ्याला शिकवले म्हणजे आपल्या लक्षात राहते, असा तिचा सिद्धांत. आणि दिवसभर घरी असणारी विद्यार्थिनी मी एकटीच. चार वाजता ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून म्हणे, “बॉन्जूर, आजी. कालचं आठवतंय का हीप्स विसरलीस?” हीप्स म्हणजे इकडच्या बोलीत पुष्कळ.

मी फ्रेंच शब्दातले प्रत्येक अक्षर उच्चारीत असे. आमच्या शास्त्रात लिहिलेले अक्षर रिकामे बसत नाही. इरा हसून लोळे. शेवटची अक्षरे म्हणायची नसतात, असे तिने दहा वेळा सांगितले. मग ती लिहायची तरी कशाला, असे मी विचारले.

“ती रिटायर्ड आहेत, आजी. तुझ्यासारखी. काम नाही करत, पण घरात राहतात.”

एका दुपारी तिने ‘फेर’ हे क्रियापद काढले. फेर म्हणजे करणे. त्याला लगटून दुसरे क्रियापद ठेवले, की अर्थ होतो करवणे. ‘ज फे एक्रीर इरा’, मी इराकडून लिहवते. दोन क्रियापदांच्या मध्ये त्या बिचाऱ्या इरालाही उभे राहता येत नाही. तिची जागा नंतर. मला उजळून आल्यासारखे झाले. हे तर आमचे णिजन्त, प्रयोजक क्रियापद! करणारा निराळा आणि करविणारा निराळा, हे या लोकांनाही ठाऊक आहे तर. मी तिला सांगितले, की आपल्याकडे दुसरे क्रियापद लागत नाही, धातूच्या पोटातच प्रत्यय घालतात. मग आम्ही मराठीतल्या जोड्या लावू लागलो. निजणे, निजवणे. हसणे, हसवणे. ती एक शब्द म्हणे, मी दुसरा. तिने ‘चुकणे’ म्हटले आणि मी ‘चुकवणे’ म्हणून थांबले. हा शब्द जरा लबाड आहे, मी म्हणाले. गणित चुकते ते निराळे. शाळा चुकवली, नजर चुकवली, तेथे माणूस मुद्दाम अंग काढून घेतो.

तिला तो शब्द फार आवडला. मग तिने आणखी एक क्रियापद दाखवले, ‘लेसे’. म्हणजे होऊ देणे. फ्रेंचमध्ये करवणे आणि करू देणे अगदी शेजारी शेजारी शिकवतात, दोन्हींची ठेवण सारखीच, असे ती म्हणाली. मी म्हणाले, की ठेवण सारखी असली तरी दोष सारखा नव्हे. जो करवितो त्याचा दोष मोठा. शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले. ते वाक्य मला आता झोपू देत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात परोक्त कथन आले. कोणी काय म्हटले ते दुसऱ्याला कसे सांगायचे. फ्रेंचमध्ये ते जसेच्या तसे सांगत नाहीत. ‘मी’चा ‘ती’ होतो, काळ मागे सरकतो, आणि दिवससुद्धा हलतात. ‘दमँ’ म्हणजे उद्या. पण दुसऱ्याचे बोलणे सांगताना ते ‘ल लाँदमँ’ होते, म्हणजे त्याच्या दुसऱ्या दिवशी. इरा मन लावून सांगत होती, की आजी, सांगणारा वेगळ्या दिवशी उभा असतो ना, म्हणून. मी मान हलवली. मी म्हणाले, की आम्ही दुसऱ्याच्या शब्दांना असा हात लावीत नाही. तो म्हणाला, मी उद्या येतो. तर आम्ही सांगतो, तो म्हणाला, मी उद्या येतो. शेवटी एक ‘इति’ ठेवली की झाले. आमची पद्धत अधिक प्रामाणिक आहे.

“प्रामाणिक असेल,” ती पेन्सिल चावत म्हणाली, “पण ऐकणाऱ्याला कसं कळणार उद्या कधी?”

मी हसले. मुलांचे प्रश्न म्हणून हसले.

आता जे लिहायचे ते लिहिते.

नूमेआ नावाचे फ्रेंच बोलणाऱ्यांचे शहर येथून विमानाने तीनेक तासांवर बेटावर आहे. तेथे एका कुटुंबात सहा महिने राहून शिकण्यासाठी काही मुलांची निवड व्हायची होती, आणि इराला मुलाखतीला बोलावले होते. मुलाखत सोमवारी. घरात दुसरा विषय नव्हता. तिने त्या कुटुंबासाठी चकल्या न्यायच्या हेसुद्धा ठरवून टाकले होते. त्याच आठवड्यात ती मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेली आणि पोहण्याच्या कपड्यांच्या पिशवीसह तिचा फोन पाण्यात पडला. म्हणून बुधवारी दुपारी निवड समितीच्या बाईंनी घरच्या दुसऱ्या नंबरावर फोन केला. तो नंबर माझा. बाई अतिशय गोड बोलल्या. पाहुण्या परीक्षकांचे विमान बदलले आहे, तेव्हा मुलाखत सोमवारी नाही. उद्या साडेदहाला, हेन्डरसनच्या सभागृहात. मी ते दोनदा म्हणून दाखवले. त्यांनी माझे आभार मानले.

इरा त्या दिवशी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली आणि तेथेच राहिली. मुलगी आणि जावई कामावरून येण्यापूर्वी मी सायंप्रार्थना करून पडले. सकाळी ते दोघे लवकर निघून गेले. गुरुवारी आठच्या सुमारास इरा आली, तेव्हा मी पूजेत होते. पूजा पुरी होईपर्यंत मी बोलत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. तरी निरोप महत्त्वाचा म्हणून मी मौन सोडले, आणि सोडायचेच तर थोडक्यात सोडावे, अशा हिशेबाने एवढेच बोलले: “बाईंचा फोन होता. म्हणाल्या, मुलाखत उद्या साडेदहाला, हेन्डरसनच्या हॉलमध्ये.”

इरा आनंदली. “उद्या? स्वीट अ‍ॅज,” म्हणाली, म्हणजे झकास, आणि वर गेली. मी पुन्हा देवाकडे वळले. हातातल्या फुलाचे देठ नीट खुडलेले होते, एवढे मला आठवते. निरोप हातावेगळा झाला, तसा तो दिवसभर माझ्या मनातूनही गेला.

बाईंचा शब्द मी जसाच्या तसा दिला होता. मात्र तो देताना मी दुसऱ्या दिवशी उभी होते. ‘काल फोन होता’ एवढे म्हटले असते तरी चालले असते. तो ‘काल’ माझ्या तोंडून गळला. साडेदहाला अडीच तास होते. दोन बस बदलूनही ती वेळेत पोहोचली असती.

शुक्रवारी निनादने तिला हेन्डरसनला सोडले. सभागृहात वयस्क स्त्रियांचा नाचाचा वर्ग चालू होता. तेथल्या माणसाने सांगितले, की फ्रेंच मंडळी काल येऊन गेली. समितीच्या बाई फोनवर हळहळल्या, पण जागा पोरिरुआच्या एका मुलीला दिली गेली होती.

संध्याकाळी टेबलाशी माझी मुलगी मेधा उलटतपासणी करू लागली. तिचा राग काळजीतून आलेला असतो, पण असतो मोठा. फोन केव्हा आला, असे तिने मला विचारले. बुधवारी, मी सांगितले. बाई नेमके काय म्हणाल्या? मुलाखत उद्या साडेदहाला. तेच मी इराला सांगितले काय? तेच, मी म्हणाले. एक अक्षर इकडचे तिकडे केले नाही. हे बोलत असतानाच मला सर्व कळले.

मेधा इराकडे वळली. “आजी गुरुवारी म्हणाली, काल बाई म्हणाल्या उद्या, म्हणजे गुरुवारीच. एवढं मराठी कळत नाही तुला?”

“आजी ‘काल’ नाही म्हणाली,” इरा म्हणाली. “आय स्वेअर, मम.”

“आजीचा शब्द गळत नाही. चौतीस वर्षं व्याकरण शिकवलंय तिनं. आई, म्हणाली होतीस ना?”

इराने माझ्याकडे पाहिले. तिच्या पाहण्यात आरोप नव्हता. ती फक्त माझ्याकडून ऐकायला थांबली होती. मी भाताच्या भांड्यावरचे झाकण उचलले आणि पुन्हा ठेवले. मान किंचित हलवली. ती मान होकाराची होती की नुसतीच हलली, असा वाद मी पुढे स्वतःशी पुष्कळ घातला. ती होकाराची होती.

“मग मी नीट ऐकलं नसेल,” इरा म्हणाली.

का गप्प राहिले, ते सांगते. समर्थन म्हणून नव्हे. त्याच्या आधीच्या महिन्यात माझ्या हातून दोनदा शेगडी चालू राहिली होती. निनादने अत्यंत हळुवारपणे म्हटले होते, की आई, एकदा डॉक्टरांकडून स्मरणशक्ती तपासून घेऊ या का. तो सज्जन आहे, त्याच्या मनात काही नव्हते. पण जावयाच्या घरी राहणाऱ्या बाईला असा हळुवारपणा फार मोठ्याने ऐकू येतो. माझ्याजवळ मिरवायला उरले होते ते एवढेच, की हिचा शब्द गळत नाही. त्या संध्याकाळी ते वाचवण्यासाठी मी एक सोळा वर्षांची मुलगी पुढे केली.

इराची मुलाखत चुकली, असे घरात पुढे म्हणत राहिले. चुकली, जणू तिची तीच. मी चुकवली, असे कोणी म्हटले नाही, कारण ते म्हणू शकणारी एकच व्यक्ती होती आणि तिने नजर चुकवली होती. एका धातूचे दोन्ही अर्थ मी एका आठवड्यात करून दाखवले. आणि ‘लेसे’ हे क्रियापद तर मला आजन्म पुरेल. मुलाखत माझ्या हातून चुकली ती नकळत. मुलीला बोल लावला गेला, तो मी लावू दिला, बसून, सावध असताना. होऊ देणाऱ्याचा दोष कमी असतो, हे मी तिला कोणत्या अधिकाराने सांगितले होते?

नूमेआचे दुःख इरा विसरली असावी. मुले पुढे जातात. पण एक गोष्ट हळूहळू घडली, ती माझ्याखेरीज कोणाच्या फारशी ध्यानात आली नाही. ती माझ्याशी इंग्रजीत बोलू लागली. आधी लांब वाक्ये, मग सगळीच. पुढच्या दिवाळीला मेधा तिला म्हणाली, की आजीशी मराठीत बोल. ती सहज, हसत म्हणाली, “माय मराठी इज क्रॅप, मम. रिमेंबर?” सगळे हसले. निनादने जँडल-चपलेचा विनोद पुन्हा केला. मी अनारसे तळत होते. तुपात जाळी पडते की नाही ते पाहत राहिले. जी मुलगी शब्द न् शब्द बरोबर ऐकत होती, तिला मी पटवून दिले होते, की तुला तुझ्या आईची भाषा कळत नाही. आयुष्यभर भाषा शिकवून शेवटी मी हे शिकवले.

या काळात मी पूजा चुकवली नाही. देवापुढे क्षमा मागितली, अनेकदा, उत्तम संस्कृतात. देवाला माझे सगळे आधीच ठाऊक आहे, तेव्हा त्याच्याजवळ कबूल करणे फार सोयीचे असते. जिला ठाऊक नव्हते, ती वरच्या खोलीत होती.

यंदा इरा एकोणीस वर्षांची आहे. येथल्याच विद्यापीठात शिकते आणि नोव्हेंबरात शेजारच्या एका मुलीला परीक्षेसाठी फ्रेंच शिकवते, त्याच टेबलाशी. गेल्या आठवड्यात मी ओट्याशी लिंबे चिरत होते. बाहेर वारा होता आणि टुई पक्षी त्याच्या त्या घंटेसारख्या आवाजात मध्येच एखादा स्वर लावून थांबत होता. इरा त्या मुलीला इंग्रजीतून सांगत होती, की ‘दमँ’ तसेच ठेवायचे नाही. निरोप सांगणारा दुसऱ्या दिवशी उभा असतो, त्याने आपल्या पायाखालचा दिवस पाहून बोलावे, नाहीतर ऐकणारा भलत्याच दिवशी जाऊन पोहोचतो. ती मुलगी म्हणाली, की असे खरोखर कोणाचे होते का. इरा हसून म्हणाली, की माझे झाले होते, आजीने बरोबर सांगितले होते, मीच चुकीचे ऐकले.

सुरी माझ्या हातात थांबली. लिंबाचा रस बोटावरच्या चिरेत गेला होता, ते नंतर झोंबू लागले.

ती मुलगी गेल्यावर मी इराला खाली बस म्हटले. कसे सांगावे याची तयारी मी तीन वर्षे केली होती, आणि त्यातले एकही वाक्य सापडेना. मी सांगितले, की त्या सकाळी मी ‘काल’ म्हणाले नव्हते. तू ऐकलेस तेच मी बोलले होते. शुक्रवारी टेबलाशी तुझी आई बोलत असताना ते माझ्या ध्यानात आले, आणि मी गप्प राहिले.

मग तिने विचारले, मराठीत, एकेक शब्द जपून ठेवीत, “तुला त्याच दिवशी माहीत होतं?”

“हो.”

“म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं.”

तिचे डोळे भरले नाहीत. भरले असते तर मला जवळ जाता आले असते. तिला नूमेआचे काही वाटत नाही, असे ती म्हणाली, सिरियसली. पण त्यानंतर पुण्याहून मावशीचा फोन आला, की ती खोलीतून निघून जात असे, कारण आपल्याला कळत नाही आणि आपण मूर्ख दिसू, असे तिला वाटे. वर्गातले दुसरे मराठी बोलणारे मुलगे-मुली भेटले, की ती मुद्दाम इंग्रजीत बोले. “तीन वर्षं, आजी.” एवढेच म्हणाली. मी हात पुढे केला. तिने तो घेतला नाही, झटकलाही नाही.

मग मी एक भित्रे काम करू पाहिले. मी म्हणाले, की मेधाला तू हळूहळू सांग. तुझ्याकडून ऐकले तर ती शांत राहील.

“नाही,” इरा उठत म्हणाली. “मी नाही सांगणार. माझ्याकडून सांगवू नकोस. तू सांग.”

‘सांगवू नकोस’ हे तिने अगदी शुद्ध म्हटले.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी, बाहेर अजून चांगला उजेड असताना, मी सांगितले. ‘झाले’, ‘राहून गेले’ अशी क्रियापदे वापरली नाहीत. मी शब्द गाळला, मी गप्प बसले, मी तिला तुझा बोल लागू दिला. मेधाने घास खाली ठेवला. ती माझ्यावर रागावेल असे मला वाटले होते, ती इराकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “मी तुला ते काय बोलले गं त्या दिवशी.” इराने खांदे उडवले. निनाद उठून पाणी घेऊन आला, जे आधीच टेबलावर होते. स्मरणशक्तीच्या डॉक्टरांचे नाव मीच काढले. येत्या मंगळवारी जायचे आहे.

क्षमा झाली असे मी म्हणत नाही. इरा माझ्याशी पूर्वीसारखी लोळून हसत नाही, आणि ते मागण्याचा मला हक्क नाही. पण ती मराठीत बोलते, थोडे, आणि मुख्यतः मला पकडण्यासाठी. परवा मी तिला म्हणाले, की उद्या लिंबाच्या लोणच्याला मीठ लावू. तिने कॅलेंडरवर बोट ठेवले, माझ्याकडे वळली आणि भुवई उंचावून विचारले, “उद्या म्हणजे शुक्रवार. तुझ्या शुक्रवारी का माझ्या?”

मी म्हणाले, “तुझ्या.” आणि नजर वर ठेवली.

हे वाचणाऱ्या आपणां सर्वांवर वाग्देवता प्रसन्न राहो. आपल्या घरातल्या लहानांनी बरोबर ऐकलेले मोठ्यांकडून कधी खोटे ठरू नये. वडीलधाऱ्यांना वेळेवर ‘मी चुकले’ म्हणण्याचे बळ मिळो, आणि ते ऐकून घेणारे कोणीतरी त्यांच्या टेबलाशी बसलेले असो. मुलाबाळांसह, लेकी-जावयांसह आपले कल्याण होवो.